वाघाटीचा नकाशा: पुद्दुचेरीपासून भिवंडीपर्यंत

१/२५
पूर्ण वाढ झालेल्या वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या बोक्याच्या निम्म्याहून कमी. राखाडी-तपकिरी अंगावर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पांढऱ्या उभ्या रेघा. जगातील सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते. तिचा वावर नेमका कुठून कुठवर आहे, हे कागदावर उतरायला जवळजवळ दोन शतके लागली आणि ते काम अजून संपलेले नाही. त्या नकाशाचा हा इतिहास.

२/२५
भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. रानमांजराच्या इतिहासात भिवंडीचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भूगोल पाहावा. तालुक्याच्या एका अंगाला तुंगारेश्वराचे डोंगर, दुसऱ्या अंगाला तानसाचे रान आणि खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तीन रानांच्या मध्ये वसलेल्या अशा मुलखाचे प्राण्यांच्या नकाशावर काय होते, या प्रश्नापाशी हा धागा शेवटी येऊन थांबतो. सुरुवात मात्र पुद्दुचेरीत होते.

३/२५
१८२५ ते १८२९ या काळात शार्ल बेलांजे हा फ्रेंच प्रवासी पूर्वेकडील देशांत नमुने गोळा करीत फिरला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या प्राणिविषयक भागात इझिदोर जॉफ्रॉय सेंट-हिलेर या प्राणिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये एका छोट्या मांजराचे वर्णन केले. नमुना पुद्दुचेरीच्या परिसरातला होता. त्याने दिलेल्या 'रुबिजिनोसा' या लॅटिन नावाचा अर्थ 'गंजाच्या रंगाची'. आज तिचे शास्त्रीय नाव 'प्रायोनायलुरस रुबिजिनोसस' असे आहे. शास्त्राच्या नकाशावर वाघाटीचा पहिला ठिपका पडला तो असा.

४/२५
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिला नमुना पुद्दुचेरीत मिळाला, कारण फ्रेंच वसाहत पुद्दुचेरीत होती. त्या दिवसांत हे मांजर सह्याद्रीच्या पायथ्याशी, खानदेशात किंवा विदर्भात नव्हते, असा त्याचा अर्थ होत नाही. तेथे तिला पकडून, कातडे सुकवून, चिठ्ठी लावून पॅरिसला पाठवणारा कोणी नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. शिलालेख जेथे सापडतो तेथेच राज्य संपले असे इतिहासात कोणी मानत नाही. प्राण्यांच्या बाबतीत मात्र तसे सहज मानले जाते.

५/२५
पुढचे मोठे नाव थॉमस जर्डन. मद्रास इलाख्यात नोकरी केलेला हा लष्करी डॉक्टर भारतातील पशुपक्ष्यांचा मोठा अभ्यासक होता. त्याचा 'मॅमल्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८६७ मध्ये रुरकी येथे छापला गेला. १८४६ मध्ये त्याने वाघाटीचे एक पिल्लू पाळले होते. ते चांगले माणसाळले. पण जेमतेम आठ महिन्यांचे असताना खोलीत आणलेल्या हरणाच्या पाडसावर ते झेपावले आणि त्याची मानगूट धरून बसले. ते मोठ्या मुश्किलीने सोडवावे लागले, अशी आठवण जर्डनने नोंदवली आहे.

६/२५
जर्डनच्या लेखी या मांजराचा मुलूख म्हणजे कर्नाटिक, अर्थात पूर्व किनाऱ्यालगतचा कोरडा तमिळ-तेलुगू प्रदेश. त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवली: हे मांजर कोरड्या तळ्यांतील गवतात, झुडपांत, कधी गावाजवळच्या गटारांतही राहते, घनदाट जंगलात नव्हे. म्हणजे वाघाटी ही गावाच्या वेशीवरची रहिवासी आहे, हे १८६७ मध्ये छापून आले होते. पुढे शतकभर या वाक्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

७/२५
आता नावांचा घोळ. जर्डनने प्रत्येक प्राण्यापुढे देशी नावे दिली आहेत. 'वाघाटी' हे मराठी नाव त्यात आहे, पण ते दुसऱ्याच मांजरापुढे छापलेले आहे. इंग्रजीत 'लेपर्ड कॅट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, थोड्या मोठ्या आणि ठळक ठिपक्यांच्या मांजरापुढे घाटावरचे मराठी नाव म्हणून 'वाघाटी' दिसते. गंजठिपक्यांच्या मांजरापुढे मात्र केवळ तमिळ नाव. पुढच्या इंग्रज ग्रंथकारांनीही नावे बहुतांशी तशीच उचलली.

८/२५
घाटातील माणसाच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. वाघासारखे अंग असलेले लहान जनावर ते वाघाटी. दोन्ही मांजरे त्याच नावाने ओळखली जात असतील तर नवल नाही. आषाढातल्या द्वादशीला जिच्या फळांची भाजी होते, त्या वाकड्या काट्यांच्या वेलीलाही वाघाटीच म्हणतात. पण ग्रंथात एका नावापुढे एकच जात लिहायची शिस्त होती. त्यामुळे एखाद्या मराठी गावकऱ्याने 'वाघाटी पाहिली' असे सांगितले, तरी साहेबाच्या वहीत लेपर्ड कॅट उमटण्याची शक्यता अधिक. गंजठिपक्यांची वाघाटी मराठी मुलखात असूनही तिचे मराठी नाव दुसरीच्या खात्यावर जमा झाले होते.

९/२५
दुसरे कारण सरकारी दप्तराचे. ब्रिटिश काळात वाघ, बिबटे, लांडगे मारल्याबद्दल बक्षिसे दिली जात. बक्षीस म्हटले की हिशेब आला आणि हिशेब म्हटला की नोंद आली. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील मोठ्या हिंस्र प्राण्यांविषयी आज जिल्हावार आकडे सापडतात. एक किलोचे मांजर गुरे मारीत नव्हते, माणसावर येत नव्हते, त्याच्या कातड्याला शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात जागा नव्हती. ज्याच्यासाठी सरकार पैसे मोजत नव्हते, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

१०/२५
ही उणीव भरून काढू शकेल अशी संस्था १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत उभी राहिली: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठ संस्थापकांपैकी दोघे मराठी होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, जे प्रार्थना समाजाचे आद्य अध्यक्ष, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले. कोणता प्राणी कोणी, कुठे, कधी पाहिला, हे लिहून ठेवण्याची कायमची जागा त्यामुळे मिळाली.

११/२५
१९११ मध्ये सोसायटीने भारतातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. पहिला मुलूख निवडला तो खानदेश. सी. ए. क्रम्प या संग्राहकाने तेथे नमुने गोळा केले. १९२३ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत उंदीर, वटवाघळे, चिचुंद्र्या यांसह हजारो कातडी आणि कवट्या जमल्या. भारतीय प्राण्यांच्या वितरणाचे पद्धतशीर चित्र प्रथमच तयार होऊ लागले. तरी हे चित्र संग्राहकाच्या मुक्कामांचे होते. तंबू जेथे पडला तेथे ठिपके दाट, जेथे पडला नाही तेथे कागद कोरा.

१२/२५
१९३९ मध्ये आर. आय. पोकॉक यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राण्यांवरील ग्रंथमालेत मार्जारकुळाचा आढावा घेतला. त्यासाठी त्यांच्यासमोर संग्रहालयांतील कातडी होती. श्रीलंकेतील वाघाटीची एक वेगळी उपजात त्यांनी नोंदवली आणि तिला तेथील निसर्ग-अभ्यासक फिलिप्स यांचे नाव दिले. वाघाटी म्हणजे मुख्यतः दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील मांजर, ही समजूत अशा ग्रंथांतून पक्की होत गेली. एकदा छापलेली सीमा पुढचा लेखक उतरवून घेतो, त्याच्या पुढचा त्याच्यावरून. बखरींच्या नकला करणाऱ्यांच्या बाबतीत हेच घडलेले इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

१३/२५
हे नकाशे बनत कसे, हेही पाहावे. प्रथम संग्रहालयातील प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवरचे गाव शोधायचे आणि तेथे ठिपका द्यायचा. मग सर्वांत बाहेरच्या ठिपक्यांना जोडणारी रेषा काढून आतला भाग रंगवायचा. यात दोन चुका एकदमच होतात. रेषेच्या आत जेथे प्राणी मुळीच नाही तेथेही रंग चढतो आणि रेषेच्या बाहेर जेथे तो आहे तेथे कोरे राहते. नकाशा पाहणाऱ्याला मात्र रंग म्हणजे 'आहे' आणि कोरे म्हणजे 'नाही', असेच वाटते.

१४/२५
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रेषा मोडू लागली. १९७८ मध्ये थेट जम्मू-काश्मीरमधून वाघाटीची नोंद प्रसिद्ध झाली. १९९० च्या सुमारास गुजरातेतील गीरच्या रानातून वार्ता आली. १९९४ मध्ये राजस्थानातील उदयपूरजवळचे दर्शन आणि १९९५ मध्ये मध्य प्रदेशातील अस्तित्व छापून आले. यांतील कित्येक नोंदी एक-दोन पानांच्या आहेत: अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमुक खुणांचे मांजर दिसले. पण अशा चिमुकल्या टिपणांनीच उपखंडाचा नकाशा बदलला.

१५/२५
महाराष्ट्रातही १९९९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात वाघाटी दिसल्याची नोंद सोसायटीच्याच नियतकालिकात आली. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सोसायटीची स्थापना झाली मुंबईत, तिचे पहिले सर्वेक्षण झाले खानदेशात, आणि ताडोबासारख्या नावाजलेल्या रानातील वाघाटीचे टिपण त्या नियतकालिकात छापून आले ते स्थापनेनंतर ११६ वर्षांनी. मांजर तेथे नव्याने आले नव्हते. पाहणाऱ्याची नजर नव्याने पोचली होती.

१६/२५
त्यानंतर आले कॅमेरा ट्रॅप. झाडाला बांधलेला हा कॅमेरा समोरून काही ऊबदार हलले की आपोआप छायाचित्र घेतो. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत १४१ क्षेत्रांत मिळून २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. उरलेल्या प्रचंड ढिगात हरणे, डुकरे, माणसे, गुरे आणि अधूनमधून एखादे लहान रानमांजर. वाघ मोजताना वाघाटीची माहिती अशी आयती हाती येऊ लागली.

१७/२५
पण आयत्या माहितीलाही तिची बाजू असते. वाघासाठी लावलेला कॅमेरा वाघाच्या वाटेवर, वाघाच्या उंचीला असतो. झुडपांच्या कडेने जाणारे, झाडावर सहज चढणारे, रात्री हिंडणारे इवलेसे मांजर त्याच्या कक्षेत येईलच असे नाही. आणि कॅमेरे मुख्यतः राखीव जंगलात असतात. त्यामुळे नव्या ठिपक्यांपैकी पुष्कळसे व्याघ्र प्रकल्पांत पडले आणि वाघाटी ही राखीव जंगलातील प्राणी असल्याचा नवा भास निर्माण झाला. पूर्वी ठिपके वसाहतींच्या मागे जात. आता ते व्याघ्र प्रकल्पांच्या मागे जाऊ लागले.

१८/२५
या भासाला महाराष्ट्रातूनच धक्का बसला. विद्या अत्रेय पश्चिम महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात, शेतीच्या मुलखातील बिबट्यांचा अभ्यास करीत होत्या. २०१० मध्ये त्यांनी मार्जारवर्गीय प्राण्यांच्या 'कॅट न्यूज' या नियतकालिकात वाघाटीवर टिपण लिहिले. वाघाटी समजुतीपेक्षा अधिक सर्रास असावी का, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. माणसांची दाट वस्ती, ऊस, बागायत, विहिरी असलेल्या भागात ती नुसती दिसत नव्हती, तर पिल्लेही घालत होती. १४३ वर्षांपूर्वी जर्डनने लिहिलेले वाक्य पुन्हा खरे ठरले.

१९/२५
जुन्नर भागात ऊसतोडीच्या दिवसांत हे वारंवार अनुभवास येते. फड तोडताना पाचटात ठिपक्यांची पिल्ले सापडतात आणि 'बिबट्याची पिल्ले' म्हणून गलका होतो. वनविभागाचे लोक आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यक येऊन पाहतात, तेव्हा कित्येकदा ती वाघाटीची निघतात. शक्य तेव्हा ती त्याच जागी ठेवून आईची वाट पाहिली जाते. नावाचा जुना घोळ येथे वेगळ्या रूपात भेटतो: पूर्वी वाघाटी लेपर्ड कॅटच्या नावे लिहिली गेली, आता ती बिबट्याच्या नावे ओरडली जाते.

२०/२५
उत्तरेकडेही सीमा सरकत राहिली. उत्तर प्रदेशातील पिलीभीतच्या तराईत कॅमेऱ्याने तिला टिपले. २०१६ मध्ये नेपाळच्या पश्चिम तराईतील नोंद प्रसिद्ध झाली आणि ती त्या देशातील मार्जारकुळातली बारावी जात ठरली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ती 'असुरक्षित' वर्गातून 'संकटासमीप' या एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात आली. म्हणून मांजरे वाढली असे समजू नये. वाढली ती मुख्यतः त्यांच्याविषयीची माहिती. भारतात ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाइतकेच.

२१/२५
आज नकाशा संगणक काढतो. ज्ञात ठिपक्यांवरचे पाऊसमान, उंची, झाडोरा, तापमान पाहून तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे, याचा तो अंदाज बांधतो. रेषा ओढण्यापेक्षा ही पद्धत नक्कीच सरस आहे. पण सगळे ठिपके राखीव जंगलांतले असतील तर संगणक शिकतो ते राखीव जंगलच. शेताचा बांध, भातखाचरांमागचे झुडपी रान, गावठाणामागचा गवताळ माळ यांना तो कमी गुण देतो. साधन बदलले, तरी साधनाला घातलेला कागद जुनाच. दप्तर एकांगी असेल तर इतिहासही एकांगी होतो, हा नियम येथेही लागू आहे.

२२/२५
आता भिवंडी. तिच्या आसपासची राने टिकली त्यामागे मुंबईची तहान मोठी आहे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा धरण १८९२ चे. तलावांच्या पाणलोटातली झाडी राखणे भाग होते. विहार-तुळशीभोवतीच्या त्याच रानाचे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले, तानसाभोवती अभयारण्य झाले. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. संरक्षण आले म्हणून अभ्यासक आले आणि त्यांच्याबरोबर कॅमेरे. राष्ट्रीय उद्यानात वाघाटीची नोंद आहे, तिच्या पैदाशीचे प्रयत्नही तेथे झाले. तानसाचे पाणी भिवंडी तालुक्यातूनच मुंबईकडे जाते, पण पाण्याने राखलेल्या रानाची सीमा तालुक्याच्या कडेला थांबते.

२३/२५
जनावरे ती सीमा पाळत नाहीत. २००९ मध्ये 'आजोबा' नावाच्या बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. महामार्ग, कसाऱ्याकडचा लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटरची मजल मारून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. दोन रानांमधली जागा रिकामी नसते, हे त्याने दाखवून दिले. बिबट्याला असा पट्टा पेलतो. एक किलोच्या मांजराला मात्र शरीराच्या तीन ते पाच टक्के, म्हणजे तीस-पन्नास ग्रॅमपेक्षा जड काही बांधता येत नाही. म्हणून वाघाटीचा प्रवास कोणत्याही पडद्यावर असा सहजी उमटत नाही.

२४/२५
आणि येथे काही खरोखर पणाला लागलेले आहे. भिवंडी तालुक्यात माळ, खाचरे आणि झुडपी राने झपाट्याने गोदामांखाली आणि रस्त्यांखाली जात आहेत. अशा जागेचे भवितव्य ठरताना तेथे कोणते प्राणी आहेत याची यादी पाहिली जाते, आणि यादी बनते जुन्या नोंदींवरून. नोंद नाही म्हणून प्राणी नाही, प्राणी नाही म्हणून हरकत नाही. वाघाटीचा इतिहास नेमके उलट सांगतो. जम्मू, गीर, ताडोबा, अकोले, पिलीभीत, नेपाळ: प्रत्येक ठिकाणी कागद कोरा होता आणि मांजर हजर होते. कोरी जागा हा पुरावा नाही. तो न विचारलेला प्रश्न आहे.

२५/२५
तो प्रश्न विचारायला मोठी मोहीम लागत नाही. १९९० च्या दशकात नकाशा बदलला तो तारीख, ठिकाण आणि खुणा नीट लिहून ठेवलेल्या एकेका टिपणाने. दुगाड, वज्रेश्वरी, गणेशपुरीकडची जुनी माणसे 'वाघाटी' म्हणतात तेव्हा नेमके कोणते जनावर सांगतात? कपाळावर पांढऱ्या रेघा होत्या का, ठिपके काळे होते की तांबूस, शेपटीवर ठिपके होते का? एवढे विचारून लिहून ठेवले, तरी दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या खात्यावर गेलेले एक नाव आपल्या मालकिणीकडे परत येऊ लागेल. मग भिवंडीच्या जागी ठिपका पडो वा न पडो, तो कागद निदान विचारून कोरा राहिलेला असेल.

#इतिहास #वाघाटी #भिवंडी #ठाणे